माळ पोटावर अडली

कावीळ उतरवायला हसनाबादच्या बाबांनी माझ्या डोक्यावर काड्यांची माळ घातली. ती रोज लांबते. पायांतून निघाली की कावीळ गेली. तोवर अंगणाबाहेर जायचं नाही. माळ छातीपर्यंत ऐटीत आली आणि पोटावर अडली. "पोट आत घे," आई म्हणाली. पोट ऐकेना. घरी बघायला आलेल्या बाबांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तसा मी बोंबललो. कावीळ राहिली, बाबांचा चेहरा उतरला. "माय, ह्याचं लिव्हर वाढलंय. डॉक्टरला दाखव." "डॉक्टरला काय कळतंय, बाबा?" "मला न्हाई कळत, म्हणून सांगून राह्यलो." आईला हा बाबांचा विनय वाटला; ती पाया पडली. लग्नाआधीच डोळ्यांना हळद लागलेला मी माळेत अडकून बसलो. शेवटी बाबा डोळे मिटून म्हणाले, "ही माळ जालन्याला, सोनोग्राफीच्या मशिनीवरच उतरती." आई चपला घालत म्हणाली, "मंग आधी न्हाई का सांगायचं!"