काढ्याचा गुण

निसर्गोपचारवाल्या बाईंनी सांगितलं आणि घड्याळजीच्या बायकोने थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली त्याच दिवशी कचऱ्यात फेकली. आता रोज सकाळी अंथरुणातून न उठता काखेत थर्मामीटर धरायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मग काढा प्यायचा. तीन आठवडे आकडा खाली खालीच चालला. तिचा चेहरा सुजला, बोलता बोलता तिला डुलकी लागायला लागली. घड्याळजीचं कामात लक्ष लागेना. पण बायकोने एकदा मनावर घेतलं की ती ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही. शेवटी कचऱ्यातून गुपचूप उचलून ठेवलेली बाटली त्याने उघडली. केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळणारा तो माणूस आता रोज सकाळी तिचा काढा स्वतः उकळून त्यात गोळी कुटून ढवळू लागला.

दोन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल.

"बघा! नावं ठेवत होतात ना काढ्याला?"

"चुकलंच माझं," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. आता सावकाश, तिचा मूड बघून, खरं काय ते सांगून टाकायचं त्याने ठरवलं.

तोवर तिने फोन कानाला लावलाही होता. "ताई, माझा रिपोर्ट नॉर्मल आला! तुझीही थायरॉईडची गोळी आजपासून बंद. काढ्याच्या पुड्या कालच पाठवल्यात."

ताई घरात एकटीच असते. तिचा काढा तीच उकळणार.