हजेरीवरची आक्का

"बहीण हाय ती माझी, मॅडम. सख्खी," जयसिंग म्हणाला.

कामगार अधिकारी अदिती मॅडमना हसू आलं. सरकारी गाडी दारात थांबली की मालकांचा गोतावळा वाढतो, हे त्यांना पाठ झालं होतं. मागच्याच आठवड्यात एका कारखान्यात तीन मेहुण्या निघाल्या होत्या. मालकाचं लग्न व्हायचं होतं.

कबनूरचा हा यंत्रमाग कारखाना तसा सरळ होता. मागावरच्या कामगारांना किमान वेतन मिळत होतं, हजेरीवर त्यांची नावं होती. नाव नव्हतं ते एकटीचंच. कोपऱ्यात तानाबाई कांड्यांवर सूत भरत बसली होती. पिकल्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते. केस कुठले आणि कापूस कुठला, ओळखू येत नव्हतं.

"काय म्हणता तुम्ही हिला?"

"आक्का."

"आक्का तर आमी बी म्हणतोय की," मागावरून केरबा ओरडला. "मग आमची बी सख्खीच म्हणायची!"

पलीकडं दोघं-तिघं हसले. जयसिंगनं कपाळ पुसलं.

"दोन टायमाचं जेवण घालतो. दिवाळीला लुगडं घेतो. दाजी गेल्यापासनं माझ्या दारात हाय. घरच्या माणसाला कुणी पगार देतंय व्हय, मॅडम?"

"जेवण म्हणजे पगार नव्हे." मॅडमनी फाइल उघडली. "ही जागा वडिलांची ना? उताऱ्यावर तर एकटे तुम्हीच वारस आहात. सख्खी बहीण असती, तर तिचंही नाव लागलं असतं. अजूनही लागेल. सख्खी आहे असं लिहून देताय?"

कोपऱ्यातली तानाबाई आता जयसिंगकडं बघत होती. हात चालूच होता.

जयसिंगनं शेडवरून नजर फिरवली. मागांवरून, पत्र्यावरून, पलीकडच्या दोन मजली घरावरून. माणूस बाजारात भाव करताना मनात हिशेब करतो, तसा केला. मग घसा खाकरून म्हणाला,

"सख्खी म्हंजे... मानलेली हाय, मॅडम."

केरबा मोठ्यानं हसला. कोपऱ्यात सूत तुटलं. तुटलं सूत जोडल्याशिवाय तानाबाई कधी मान वर करत नसे. आज तिनं ते तसंच लोंबू दिलं.

मॅडम तिच्याजवळ गेल्या. आवाज मऊ केला. "घाबरू नका, बाई. खरं सांगा. हे तुमचे कोण लागतात?"

तानाबाईनं हातातली कांडी खाली ठेवली.

"मालक," ती म्हणाली.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. थकलेल्या पगाराचा फरक, वर दंड. एरवी अशा वेळी मालक हातापाया पडतात, मंदीचं रडगाणं गातात, ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतात. जयसिंगनं रुपयाचीही घासाघीस केली नाही. सुटल्यासारखा दिसला. मॅडमना नवल वाटलं. पण गाडीत बसताना त्या खूश होत्या. एका म्हाताऱ्या बाईला न्याय मिळाला होता.

हजेरीवर तानाबाईचं नाव चढलं. आलेल्या पैशातून तिनं गल्लीच्या टोकाला खोली भाड्यानं घेतली. सकाळी ती बाकीच्या बायकांबरोबर फाटकातून आत येई, संध्याकाळी त्यांच्याबरोबरच बाहेर पडे. जयसिंगच्या घरातला चहा तिनं बंद केला.

भादव्यात एका सकाळी ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, पायांत चपला तशाच.

"मालक, आज सुट्टी पायजे."

"बरं वाटंना व्हय, आक्का?"

"तसं न्हाय. आज तुमच्यात म्हाळ हाय न्हवं?"

"व्हय. आईचा." जयसिंगनं मान खाली घातली. टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "तू बी ये की जेवायला. समद्या कामगारांस्नी सांगितलंय."

"कामगार म्हणून न्हाय येत त्या पानावर." तिनं पदर सावरला. "मला बी खोलीवर पान वाढायचं हाय. दोघांस्नी जन्म दिलाय तिनं, मालक."