लाल दोरा, निळा दोरा

“झालं. या आता आत,” बायकोने पडद्याआडून हाक मारली.

संग्रहालयामागच्या शेडमध्ये ओल्या मातीचा ठोकळा होता. त्यात तिने सोडलेले बाण रुतले होते. टोकं आत, काड्या बाहेर. काहींच्या शेपटाला लाल दोरा, काहींच्या निळा. एका रंगाचे तांब्याचे, दुसऱ्याचे गारगोटीचे. कुठला रंग कशाचा, ते फक्त दोरे बांधणारीला ठाऊक.

“दाजी, लागू दे एकदाचा निकाल,” मेहुणा कागद पुढे ओढत म्हणाला. “भांडता भांडता दात पडले आपले.”

“तुझे पडले. माझे झिजले.”

रानात शिकार करून, कंदमुळं खाऊन जगणाऱ्या त्या जुन्या माणसांनी तांबं का धरलं? दगडापेक्षा खोल जातं म्हणून, असं नवरा जन्मभर सांगत आला. मेहुणा म्हणे, नुसती चमक. आता निवृत्ती आली होती, आणि या चाचणीवाचून नवऱ्याचं पुस्तक कोणी छापायला तयार नव्हतं.

काड्यांवर टोकापासून मोजत रेघा आखल्या होत्या; आकडा मोठा, तितका बाण खोल. मातीपाशी कुठली रेघ येते, ती वाचायची. नवरा वाकून वाचू लागला.

सकाळी घरी चहा घेताना त्याला टेबलावर दिसलं होतं: तांब्याच्या बाणांना लाल दोरा. नजर फिरवायला हवी होती. फिरवली, पण जरा उशिरा.

लाल बाण दोन रेघांमध्ये अडकला की तो पुढची सांगे. निळा अडकला की अलीकडची. कोपऱ्यातला निळा तर चांगलाच खोल गेला होता. त्याने चष्मा पुसला आणि दोन रेघा कमी सांगितल्या.

“येऊन बघतोस का?”

“तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” मेहुणा बसल्या जागेवरून म्हणाला. मग त्याने बेरीज केली. “लाल पुढे. केसभर, पण पुढे.”

नवरा स्टुलावर टेकला.

“मग, लाल म्हणजे काय निघतं बघू,” तो जमेल तितक्या सहज म्हणाला.

“अहो, सकाळी तुमची टेबलाकडे नजर गेली ना,” बायको हात पुसत म्हणाली. “उद्या कोणी तुमच्याकडे बोट दाखवायला नको. म्हणून इथे आल्यावर मी दोरे बदलले.”

तिने कोपऱ्यातला निळा बाण उपसला आणि टोकावरची माती अंगठ्याने पुसली. खालून तांबं चमकलं.