हलका चाप

कुर्त्याच्या खिशात मावेल असं रिव्हॉल्व्हर निवडायला रेणुका नवरा मधुकरसोबत अमरावतीच्या दुकानात आली होती. संत्र्याच्या बागेतलं त्यांचं घर गावापासून लांब, एकाकी होतं, आणि जीपच्या अपघातानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. सगळं ती डाव्या हातानेच करी.

दुकानदारकाकांनी दाखवलेल्या बत्तीस बोअरच्या वजनाने खिसा पार ओघळला. मग त्यांनी छोटं बावीस बोअरचं काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि घोडा मागे ओढून दिला.

“आता चाप अगदी हलका लागेल, ताई. भिंतीकडे धरा.”

जुन्या सवयीने रेणुकाने उजवाच हात पुढे केला. डाव्या हाताचा आधार देत तिने चापावर बोट टेकवलं. टक्कन आवाज झाला.

“अहो, बोट मिटलं!” ती ओरडली.

मधुकरने रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवलं आणि आपली करंगळी तिच्यापुढे धरली. तिने बोटाने ती अलगद वेढली. त्याचे डोळे भरून आले.

“हेच घेऊ,” ती म्हणाली, “आणि संध्याकाळी लेकीची वेणी मी घालणार.”

“अगं, एकच बोट मिटलंय!”

“मग जरा सैल घालीन.”