एकदा समोर येऊ दे त्याला!

कपडे पिळताना वॉशिंग मशीन असं काही थयथय नाचलं, की स्वयंपाकघरातल्या नव्याकोऱ्या लाद्या तडकल्या. कंपनीने भरपाई द्यावी म्हणून नवऱ्याने घसा कोरडा पडेपर्यंत फोन केले. सासूबाई तर रोज दात-ओठ खायच्या, "कंपनीचा माणूस एकदा समोर येऊ दे, चांगली खरडपट्टी काढते!"

काल तो पाहणीला आला, तेव्हा घरी त्या एकट्याच होत्या. संध्याकाळी येऊन बघते तर हॉलमधला गालिचा स्वयंपाकघरात, थेट तडकलेल्या लाद्यांवर! ओट्यावर ठेवणीतले कप.

"परक्या माणसाला फुटकी फरशी काय दाखवायची?" सासूबाई म्हणाल्या.



"बिचारा दोनदा विचारत होता, काही तक्रार आहे का. मी म्हटलं, छे हो, तक्रार कसली! तुम्ही चहा घ्या."