आरशातल्या ज्योती

संग्रहालयातला सात फांद्यांचा मेनोरा, म्हणजे ज्यूंचा पवित्र दिवा, आपल्याच प्रार्थनागृहातून लुटलेला आहे, हे शिवणकाम करणाऱ्या मावशी चार वर्षं घसा फोडून सांगत होत्या.

"पुरावा काय, मावशी?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

"दोन हजार वर्षांपूर्वी शत्रूंनी आमचं मूळ मंदिर जाळलं, तिथूनही असाच दिवा पळवला. उजेड मात्र त्यांना नेता आला नाही, असं बाबा म्हणायचे."

"हा काही पुरावा नव्हे."

मावशींनी दिव्याच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून बाबांची प्रार्थना म्हटली. भर दुपार होती. दिव्यात ना तेल होतं, ना वात.

कपाटामागच्या आरशात मात्र एक ज्योत हलली. मग दुसरी. सातवी पेटली तेव्हा अधिकाऱ्याची बोबडी वळली. त्याने कपाट उघडलं.

मावशी दिवा छातीशी धरून ताठ मानेने निघाल्या. दिवा थंडगार होता. पण वाटेतल्या प्रत्येक काचेत सात ज्योती त्यांच्याबरोबर चालत होत्या.