ही किती टिकेल?

"ही किती टिकेल, काका?" बाईंनी विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर एका शिंपीणबाईचा चेहरा थांबवून ठेवला होता. चाळिशी उलटलेली, दातांत दोरा धरलेला. शिवणकामाच्या या स्पर्धेत पूर्वी हरलेल्या काही जणांना पुन्हा बोलवायचं ठरलं होतं आणि आता एकच जागा उरली होती. एकीकडे ही, दुसरीकडे एक तरुण टेलर. तो बोलका होता आणि पटकन रडायचाही. कार्यक्रम बाईंचा, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा.

काका म्हणजे एडिटर. मागच्या वेळी ती होती तोवरचं सगळं चित्रण त्यांच्याच हाताखालून गेलं होतं. लोकांना ती दिसली घटकाभर. काकांनी तिला बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, तासन्‌तास पाहिलं होतं. मशीनला तेल घालताना ती मशीनशी बोलते, हे त्यांना माहीत होतं. टीप वाकडी गेली की आधी तिची डावी भुवई वर जाते आणि मग ती निमूट उसवायला घेते, हेही. पर्व संपलं, ती हरून गेली, पण ते चित्रण काकांनी पुसलं नाही. दुपारचा डबा खाताना ते लावून ठेवायचे. तेवढाच खोलीत कोणाचा तरी आवाज.

ही किती टिकेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. घड्याळ लावून दिलं की हिचा निभाव लागणार नाही. केसाएवढी चूक दिसली तरी अख्खी बाही उसवेल आणि वेळ संपेल. फार तर दुसरा भाग.

"जिंकेल," काका म्हणाले.

मोबाइलमध्ये घातलेल्या माना वर झाल्या. काका मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नसत.

"कशावरून?"

"हात बसलाय आता. परवाच्या चाचणीत बघा, एकदाही उसवलं नाही तिने."

हे खरं होतं. चाचणीत तिला उशीची खोळ शिवायला दिली होती, तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

"घ्या मग हिलाच," बाई हसत म्हणाल्या. "काका पहिल्यांदाच कोणाचा तरी कैवार घेतायत. चहा घेऊ आणि मग कळवून टाकू."

काका बाहेर आले. बाकावर ती बसली होती. पायाशी फुगलेली कापडी पिशवी. 'काय म्हणताय, बऱ्याच दिवसांनी,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"दादा, पाणी कुठे मिळेल?"

काकांनी ग्लास भरून आणला.

"तुम्ही इथेच कामाला का?"

"हो."

"आत आमचंच चाललंय ना?" तिने एक घोट घेतला. "खरं सांगू? नाही म्हणाले तर सुटले म्हणायची मी. पोरीने परस्पर नाव घातलं माझं. मागच्या वेळी झगा अर्धाच राहिला नि हरून गेले, तर वर्षभर येईल ते गिऱ्हाईक विचारायचं, टीव्हीवरचा तो झगा झाला का हो पुरा? हसून साजरं करायचं किती दिवस? पुन्हा नको बाई ते."

आणि ती हसली. ते हसू काकांनी कितीदा तरी पुढे-मागे करून पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ते त्यांच्याकडे बघून होतं.

ते तसेच मागे फिरले. जेवताना सोबत व्हावी म्हणून आपण हिला पुन्हा त्या दिव्यांखाली उभी करतोय, हे त्यांना एकदम लख्ख दिसलं आणि स्वतःचीच शरम वाटली.

"बाई, माझं चुकलं," आत जाऊन ते म्हणाले. "दुसऱ्या भागातच जाईल ती. उसवत बसते. नका घेऊ."

"अहो काका, आत्ता तर म्हणालात..."

"नका घेऊ तिला."

बाईंनी खांदे उडवले आणि टेलरच्या नावावर बोट ठेवलं.

निरोप द्यायला ऑफिसातली मुलगी गेली. काका दाराशी थांबले. आता हिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरेल, तो क्षण तरी डोळ्यांनी बघू, असं त्यांना वाटत होतं.

"बरं, बरं," ती मुलीला म्हणाली. पण उठली नाही. मुलगी निघून गेल्यावर तिने पिशवी मांडीवर घेतली आणि वरचे कपडे दाबून आत सारले. घडी करून आणलेल्या साड्या, टॉवेल, कंगवा, नवी कोरी कात्री. मुक्कामाच्या तयारीने आली होती ती. पिशवीचं तोंड काही केल्या बंद होईना.

काका जवळ गेले.

"दादा," वर न बघता तिने विचारलं, "आत माझ्या बाजूने कोणीच नाही बोललं?"

"एक जण बोलला होता."

"मग?"

"मग त्याने मत बदललं."

तिने मान हलवली. पिशवीचे बंद ओढून गाठ मारली आणि उठून उभी राहिली.

"ओळखत नसेल मला," ती म्हणाली.